कबरीवरचे चुकलेले वय : दार्जिलिंगचा चोमा आणि जिओकॅशिंगचा खेळ

दार्जिलिंगमध्ये लेबाँग कार्ट रोडला उतारावर एक जुनी युरोपियन दफनभूमी आहे. तिथल्या एका स्मारकावर बंगालच्या एशियाटिक सोसायटीने बसवलेली शिला आहे. हंगेरीचा एक माणूस भाषेच्या अभ्यासासाठी पूर्वेकडे आला, क्वचितच कोणी सोसले असतील असे हाल सोसून त्याने तिबेटी भाषेचा कोश आणि व्याकरण तयार केले आणि ल्हासाच्या वाटेवर असताना ११ एप्रिल १८४२ रोजी तो इथे वारला, अशा आशयाचा इंग्रजी मजकूर तिच्यावर कोरला आहे. वय दिले आहे ४४ वर्षे.

ते चूक आहे. अलेक्झांडर चोमा द कोरोश यांचा जन्म १७८४ चा. म्हणजे मृत्यूच्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. ज्या विद्वानांनी त्यांच्यासोबत काम केले, त्यांनीच १४ वर्षे कमी लिहिली आणि दगडावर लिहिलेले म्हणून ते तसेच राहिले.

आपल्यातले अनेक तरुण आता रविवारी सहलीला म्हणून नव्हे, तर अभ्यासाला म्हणून लेण्यांवर जातात. धम्मलिपी शिकतात, दानलेख वाचतात, कचरा गोळा करून खाली आणतात. अशा तरुणांना जिओकॅशिंग हा खेळ आवडेल असे आम्हाला वाटते. पण हा खेळ कबरीजवळ खेळायचा झाला तर प्रश्न उभा राहतो. मेलेल्या माणसाच्या शेजारी खजिना-शोध खेळावा का? चोमाची कबर समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करू. आधी खेळ समजून घेऊ.

डबा, वही आणि आकडे

अमेरिकेचे जीपीएस उपग्रह पूर्वी सामान्य नागरिकांना मुद्दाम अस्पष्ट संकेत देत. त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. मे २००० मध्ये ही अस्पष्टता काढून टाकली आणि एका रात्रीत साध्या यंत्रालाही जागा दहा-वीस मीटरच्या आत कळू लागली. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगन राज्यात एक बादली रानात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत पुस्तके, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा होता. काही दिवसांतच ती सापडली. तिथून हा खेळ जगभर गेला. आज लाखो डबे लपवलेले आहेत.

लपवलेल्या डब्याला 'कॅश' म्हणतात. ही रोकड नव्हे! लपवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते नाव आले आहे. डब्यात एक वही असते. शोधणाऱ्याने वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि अ‍ॅपवर नोंद करायची. आतली एखादी छोटी वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची. बक्षीस काही नाही. डबा जमीन खोदून पुरायचा नाही, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची आणि येताना वाटेतला कचरा उचलून आणायचा, हे खेळाचे नियम आहेत. शेवटचा नियम लेणी संवर्धनाच्या कार्यकर्त्यांना नवा नाही.

प्रकार बरेच आहेत. साध्या प्रकारात आकडे दिलेलेच असतात. 'मल्टी' प्रकारात पहिल्या जागी डबा नसतोच. तिथे एखादा फलक, कोरीव तारीख, पायऱ्यांची संख्या असे काही वाचायचे, त्यावरून गणित करायचे आणि दुसऱ्या जागेचे आकडे मिळवायचे. कबरीसाठी आम्हाला हाच प्रकार योग्य वाटतो. कारण पुढे येईलच.

सिकंदर बेग

चोमा कोण होते, हे माहीत नसेल तर दगड वाचून काय मिळणार? म्हणून इथे जरा थांबू.

ट्रान्सिल्व्हेनियातील कोरोश नावाच्या खेड्यातला हा मुलगा. ते गाव आज रोमानियात आहे. घर गरीब. शिक्षण शिष्यवृत्त्या मिळवून आणि खालच्या वर्गांना शिकवून झाले. हंगेरियन लोकांचे मूळ आशियात कुठेतरी आहे, आपले भाऊबंद अजून तिकडे असतील, अशी त्या काळी समजूत होती. ते शोधायला चोमा १८१९ मध्ये जवळजवळ रिकाम्या खिशाने पायी निघाले. इस्तंबूलमध्ये प्लेगची साथ असल्याने वाट बदलली. अलेक्झांड्रिया, अलेप्पो, बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल, लाहोर, काश्मीर असे करत १८२२ च्या उन्हाळ्यात ते लेहला पोहोचले. वाटेत त्यांनी 'सिकंदर बेग' हे नाव आणि आर्मेनियन प्रवाशाचा वेष घेतला होता.

पुढचा रस्ता बंद होता. काश्मीर-लडाखच्या वाटेवर त्यांना विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी भेटला. त्याने तिबेटी भाषेवरचे एक जुने युरोपियन पुस्तक त्यांच्या हाती दिले. ते अपुरे होते, चुकांनी भरलेले होते. हे काम नीट करायला हवे, हे चोमांना तिथे कळले आणि पुढचे सारे आयुष्य त्यातच गेले.

१८२३ मध्ये ते झांस्करमधील झांगला इथे गेले आणि संग्ये फुन्त्सोग या लामांकडे शिकायला बसले. जेमतेम नऊ फूट लांब-रुंद खोली, बाहेर बर्फ, आत आग नाही. मेंढीच्या कातड्यात गुंडाळून, हात अंगाशी धरून गुरू-शिष्य वाचत बसत. पान उलटायला हात बाहेर काढावा लागे, तेवढीसुद्धा थंडी नकोशी वाटे. नंतर फुगताल आणि किन्नौरमधील कानम. अशी अनेक वर्षे हिमालयात गेली. कंपनी सरकारने काही काळ महिना ५० रुपये दिले. आधी मात्र हा माणूस हेर तर नाही ना, याची खात्री करून घेतली!

१८३४ मध्ये कोलकात्यात त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण छापून आले. त्यानंतर त्यांनी कंग्युर आणि तेंग्युर या तिबेटी ग्रंथसंग्रहांत काय काय आहे याचा गोषवारा एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिला. एकटा कंग्युर शंभर खंडांचा आहे. युरोपला आणि नव्याने शिकणाऱ्या भारतालाही या ग्रंथांच्या पोटात काय आहे ते त्यांच्यामुळे पहिल्यांदा नीट कळले. नालंदा, विक्रमशिला इथे लिहिली गेलेली कितीतरी शास्त्रे मूळ संस्कृतात नष्ट झाली आणि तिबेटी भाषांतरात टिकली. दिङ्नाग किंवा धर्मकीर्ती आज आपण वाचतो तेव्हा अनेकदा तिबेटी भाषांतराच्या आधारानेच वाचतो. ते दार बाहेरच्या जगासाठी उघडणाऱ्या पहिल्या काही हातांपैकी एक हात चोमांचा.

धम्मलिपी शिकणाऱ्यांसाठी आणखी एक धागा. चोमा कोलकात्यात काम करत होते तेव्हा सोसायटीचे सचिव होते जेम्स प्रिन्सेप. सम्राट अशोकाचे शिलालेख वाचण्याची किल्ली १८३७ मध्ये ज्यांना सापडली, तेच. सारनाथला सापडलेल्या एका लेखातील ओळी कशाच्या आहेत, हा प्रश्न १८३५ मध्ये प्रिन्सेपसमोर होता. चोमांनी त्याच ओळी तिबेटी ग्रंथांत दाखवून दिल्या. ती होती हेतुप्रभव गाथा. अस्सजींनी सारिपुत्तांना सांगितलेला धम्माचा सार म्हणून आपल्याला माहीत असलेली. दगडावरचे अक्षर एकाने वाचले, त्याचा ग्रंथातला पत्ता दुसऱ्याने सांगितला. प्रिन्सेपचे नाव आपल्या शिबिरांत हमखास घेतले जाते. चोमांचे सहसा घेतले जात नाही.

पुढे काही वर्षे ते सोसायटीचे ग्रंथपाल होते. १८४२ मध्ये त्यांनी ल्हासाला जायचे ठरवले, तराईतून चालत निघाले आणि तिथे त्यांना हिवताप झाला. २४ मार्चला दार्जिलिंगला पोहोचले. तिथला अधिकारी डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल याने औषध द्यायचा प्रयत्न केला, पण बराच काळ त्यांनी ते घेतले नाही. अठरा दिवसांत सारे संपले. कॅम्पबेलने त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू नोंदवून ठेवल्या आहेत. पुस्तकांच्या आणि कागदांच्या चार पेट्या, अंगावर कायम असायचा तो निळा पोशाख, थोडे कपडे आणि एक स्वयंपाकाचे भांडे.

अप्रसिद्ध कोणासाठी?

हंगेरीत चोमांचे नाव शाळकरी मुलांनाही माहीत असते. तिथले लोक दार्जिलिंगला येतात, त्यांनी कबरीपाशी स्वतःचे फलकही लावले आहेत. झांगलाच्या जुन्या राजवाड्याच्या डागडुजीला हंगेरीचे स्वयंसेवक येत राहिले आहेत. १९३३ मध्ये जपानमधील ताइशो विद्यापीठाने त्यांचा ध्यानस्थ पुतळा बोधिसत्त्व म्हणून स्वीकारला. ज्या देशात ते राहिले, राबले आणि मेले तिथल्या बौद्धांनाच ते अनोळखी आहेत.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे माणूस आवडला की त्याला लगेच 'आपला' करून टाकण्याची घाई असते. चोमा बौद्ध झाले नव्हते. ते ख्रिस्ती होते, ख्रिस्ती दफनभूमीत पुरले गेले, आणि घरून निघाले ते हंगेरियन लोकांचे पूर्वज शोधायला. धम्माचे ग्रंथ त्यांना वाटेत भेटले. त्यांच्या कामाचा आदर करायला त्यांना दीक्षा दिल्याचे भासवण्याची गरज नाही. निळा पोशाख घालत म्हणून त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर काही फिरवू नये, ही विनंती. (हसू नका, असे फिरू शकते.)

कबरीपाशी खेळताना

कबरीजवळच्या डब्यांवरून वाद आधीही झाले आहेत. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात २००५ मध्ये दफनभूमी आणि ऐतिहासिक जागांवर विनापरवाना जिओकॅशिंगला बंदी घालणारे विधेयक आले. प्रतिनिधीगृहात ते संमत झाले, कायदा मात्र झाले नाही. तक्रार साधी होती. डबा शोधायला आलेली माणसे थडग्यांवर बसतात, फुलदाण्या उचलून बघतात, दगडाच्या फटीत हात घालतात. ज्यांचे नातेवाईक तिथे आहेत त्यांना ते बघवत नाही. आम्हाला ही तक्रार रास्त वाटते. खेळाडूंचा हेतू वाईट नसतो. पण शोधायला सांगितले की माणूस उचकटतोच.

आपल्याकडे त्यात आणखी तीन गोष्टींची भर पडते.

पहिली, कायदा. चोमांची कबर आणि तिथेच असलेली जनरल लॉइड यांची कबर (दार्जिलिंग कंपनीच्या ताब्यात आणणारा हाच) ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारके आहेत. संरक्षित स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खिळा ठोकणे, चिकटपट्टीने डबा लावणे, दगड सरकवणे यांना 'खेळ होता' हे उत्तर चालणार नाही.

दुसरी, भीती. रेल्वे स्टेशनवर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही सूचना ऐकत आपण मोठे झालो. झुडपात झाकण लावलेला डबा बघून कोणी पोलिसांना फोन केला तर त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. त्यातही डबा ठेवताना पकडलेल्या पोराचे आडनाव काय आहे यावर पुढची वागणूक ठरू शकते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. शिवाय दार्जिलिंग सीमेलगतचा जिल्हा आहे. साधा फोन पुरेसा असतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे भारतात विनापरवाना बाळगणे गुन्हा आहे, परदेशी गिर्यारोहक त्यात अडकलेले आहेत.

तिसरी गोष्ट आपल्या सवयीची. आवडलेल्या जागेला रंग द्यायचा, नाव लिहायचे, झेंडा रोवायचा. लेण्यांमधल्या मूर्तींवर आणि शिलालेखांवर ऑईलपेंट फासल्याने किती अक्षरे गेली, हे तुम्ही स्वतः पाहिले आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये स्वतःचे नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याच वर्षी चोमा घरून निघाले. चोमांनी झांगला-फुगतालच्या ग्रंथांवर असे काही केले असते तर? जिओकॅशिंगची वही याच खाजेवरचा चांगला उतारा आहे. नाव लिहायचेच असेल तर ते वहीत लिहा.

दगड वाचल्याशिवाय डबा नाही

आता मल्टी प्रकार कसा चालतो ते पाहू. खेळातले आकडे अंश आणि मिनिटे असे लिहितात, मिनिटांना दशांशानंतर तीन स्थळे असतात. अक्षांशाच्या एका मिनिटाचे अंतर सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणून तिसऱ्या दशांश स्थळातला एक म्हणजे १.८५ मीटर. दार्जिलिंग २७ अंश उत्तरेला आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे तिथे रेखांशाचा तेवढाच फरक साधारण १.६५ मीटरचा होतो. शेवटचे तीन अंक लपवले की शोधणाऱ्याला गाव कळते, जागा कळत नाही.

हे तीन अंक दगडावरून काढायला लावायचे. समजा, अक्षांशाचे शेवटचे तीन अंक म्हणजे मृत्यूचा दिवस गुणिले मृत्युवर्षाचे शेवटचे दोन अंक. ११ गुणिले ४२, म्हणजे ४६२. रेखांशासाठी असे सांगायचे की दगडावरच्या वयात आणि खऱ्या वयात जेवढा फरक आहे, त्याला दगडावरच्या वयाने गुणा. १४ गुणिले ४४, म्हणजे ६१६. (हे आकडे निव्वळ नमुन्याचे आहेत, तिथे कोणी काही ठेवलेले नाही. शोधत फिरू नका.)

दुसऱ्या गणितात गंमत आहे. ते नुसत्या दगडावरून सुटत नाही. चोमांचा जन्म कधी झाला हे शोधणाऱ्याला आधी वाचून यावे लागते, आणि मग दगडापुढे उभे राहिल्यावर कळते की कोरलेले तेवढे सारे खरे नसते. कालामसुत्तावर शिबिरात तासभर बोलण्यापेक्षा हे गणित एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला जास्त लक्षात राहील, असे आमचे मत आहे.

डबा कबरीपासून दूर. आम्हाला सर्वांत बरी जागा वाटते ती ग्रंथालयाची. ग्रंथपालाच्या लेखी परवानगीने, एखाद्या कपाटात, वर 'हा जिओकॅशिंगचा डबा आहे' असे स्पष्ट लिहून. त्यामुळे बेवारस वस्तूचा प्रश्न मिटतो. आणि जो माणूस स्वतः ग्रंथपाल होता त्याचा शोध ग्रंथालयात संपणे योग्यच. दुकान किंवा हॉटेल मात्र टाळा, काही विकत घ्यायला लागेल अशी जागा खेळाच्या नियमांत बसत नाही. कबरीपाशी करायचे काम एवढेच. दिवसा जायचे, उभे राहून वाचायचे, आकडे लिहून घ्यायचे. दगडावर पाणी, खडू, पावडर काहीही लावायचे नाही. अक्षर दिसत नसेल तर फोनचा उजेड बाजूने तिरपा पाडा, खोलगट भागात सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. लेण्यांमध्येही हेच करता येते.

जवळच्या जागा

दार्जिलिंग लांब आहे, तिकीट महाग आहे. पण सराव जवळच करता येईल. अजिंठ्याची चित्रे १८४४ पासून वर्षानुवर्षे नकलून काढणारे रॉबर्ट गिल भुसावळला पुरलेले आहेत. त्यांनी काढलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. त्यांच्यासोबत राहिलेली, १८५६ मध्ये वारलेली पारो हिची कबर अजिंठा गावात आहे. सिनेमामुळे तिचे नाव थोडे लोकांना कळले, तरी लेणी बघायला जाणाऱ्या बसेस गावात थांबत नाहीत. या दोन जागांवर मिळून एक मल्टी सहज बसवता येईल.

आणि खेळ बाजूला ठेवूनही हे कौशल्य कामाचे आहे. आपल्या गावोगावच्या जुन्या दफनभूमीत पहिल्या पिढीचे कार्यकर्ते पुरलेले आहेत. येवल्याची घोषणा ऐकून आलेले, छप्पन्नला नागपूरला चालत गेलेले. बहुतेकांच्या डोक्याशी एखादा दगड आहे, नाव नाही. जागा कोणती ते गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला किंवा बाबालाच ठाऊक असते. अशा जागांवर अतिक्रमण झाले की 'इथे काहीच नव्हते' असे सांगितले जाते. तेव्हा पुढच्या वेळी गावी गेलात की त्यांना सोबत घेऊन जा. फोन सपाट धरून, आकडे स्थिर होईपर्यंत दोनेक मिनिटे थांबा. अक्षांश-रेखांश, तारीख, दाखवणाऱ्याचे नाव आणि चारही दिशांचे फोटो असे वहीत आणि फोनमध्ये दोन्हीकडे नोंदवा. झाडाखाली आकडे दहा-पंधरा मीटर हलतात, म्हणून जवळच्या विहिरीपासून किंवा रस्त्यापासूनचे अंतर पावलांनी मोजून तेही लिहा. ही नोंद सरकारी मोजणीची जागा घेत नाही. मोजणीचा अर्ज करताना कुठे बोट ठेवायचे, एवढे ती सांगते. हे आकडे कोणत्याही अ‍ॅपवर जाहीर करू नका. कुटुंबाकडे एक प्रत द्या आणि एक विहाराच्या कपाटात ठेवा.